पत्त्यात बदल असल्यास

माधवनगर, उज्जैन
ता. १४ जुलै १९५७

श्री. विष्णू गोविंद दफ्तरदार, मुक्काम सोलापूर, यांस —

मायना काय घालावा यात अर्धा तास गेला. धाकट्या भावाला आजवर 'चिरंजीव' लिहीत आलो. पण मे महिन्यात दारापुढच्या ओटल्यावर आपल्या दोघांत जे झालं त्यानंतर तो शब्द टाकातून उतरेना. आणि तो मुद्दाम गाळला तर त्याचा जो अर्थ निघतो, तोही मला नको आहे. म्हणून हा सरकारी मायना. आपल्या घराण्यानं ग्वाल्हेर दरबारात तीन पिढ्या अशीच पत्रं लिहिली. त्यांत कुणाला कुणाबद्दल माया असल्याचा पुरावा सापडत नाही, पण पत्रं पोचत असत.

पत्रास कारण, तुझी छत्री इथं राहिली आहे. दांडीला तुझ्या सौ. अलकानं लाल दोरा बांधलेली. सोलापुरात पाऊस कमी असं ऐकतो, पण कमी पावसातही माणूस भिजतोच. पार्सलनं पाठवायची की कसं, ते कळवावं.

अक्का बरी आहे. माझ्याशी बोलते, पण मांजराच्या मार्फत. सकाळी मांजराला म्हणते, "सांग गं त्याला, चहा गार होतोय." मीही मांजरालाच उत्तर देतो. मांजराला आमच्या दोघांचाही कंटाळा आला असावा. हल्ली ते शेजारी दिघ्यांकडे जास्त असतं.

आता कागद हाताशी आहेच, तर झाल्या प्रकारातलं माझं म्हणणं एकदा लेखी असू दे.

इंदूरचं वर्तमानपत्र आठाला येतं. आपल्या ओटल्यावर बापू दिघे आणि बाकीचे पेन्शनर आधीच बसलेले असतात. प्रत्येकाकडे चंद्रमुकुट मिलचे दहा-वीस शेअर. मी इंदूरच्या शेअर बाजाराचे भाव मोठ्यानं वाचतो, ते मान हलवतात, मग सगळे घरी जाऊन दाढी करतात. बारा वर्षं हा परिपाठ. ९ मेला भाव वाचताना वरून सातवं नाव येईना. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी खाली बारीक अक्षरात खुलासा होता, की चंद्रमुकुट मिलचं नाव बाजाराच्या यादीतून काढण्यात आलं आहे. बापूंनी विचारलं, "शास्त्रीबुवा, म्हणजे हो काय?" मी म्हणालो, "म्हणजे मिल गेली."

मी संस्कृतचा मास्तर. छापलेल्या शब्दावर माझा विश्वास नसायचा तर कुणाचा? आठवड्याच्या आत सगळ्या ओटल्यानं केसरीमल दलालाकडे जाऊन अकरा रुपयांचे शेअर दीड रुपयाला काढले. अक्काचे तीस आणि माझे तीस मीच नेऊन दिले. खरेदीदाराचं नाव न घातलेल्या कोऱ्या ट्रान्सफरवर आम्ही सह्या केल्या, कारण बुडत्या मिलचे कागद कोण घेतंय याची चौकशी करण्यात शहाणपण नव्हतं.

मी आमचे देऊन आलो त्याच संध्याकाळी तू ऑफिसातून आलास. मिलच्या शेअर खात्यात चौदा वर्षं बसून सभासदांचं रजिस्टर लिहिणारा माझा भाऊ. म्हणालास, "दादा, हे काय केलंत? नाव बाजाराच्या यादीतून गेलंय. मिल चालू आहे."

मी विचारलं, "तुला आधी माहीत होतं?"

"महिनाभर. हिशेबाचे कागद वेळेवर दिले नाहीत म्हणून बाजाराची नोटीस आली होती."

"आणि घरात बोलला नाहीस?"

"घरात बोललो असतो तर तुम्ही ओटल्यावर वाचून दाखवलं असतं."

हे खरं होतं, म्हणून मला जास्त लागलं. पुढे मी पाच पेन्शनरांसमोर तुला जे म्हणालो ते इथं लिहीत नाही. 'मिलचा मिंधा' एवढं तुलाही आठवत असेल. त्याच्या नंतरचं विसरला असशील तर बरं.

दुसऱ्या दिवशी मी रामघाटावर गेलो होतो. आंघोळीला. मे महिन्यात माणूस आंघोळ करतोच.

छत्रीचं कळवावं.

श्रीपाद गोविंद दफ्तरदार


उज्जैन, ता. ६ ऑगस्ट

कार्ड लिहितो आहे कारण मजकूर थोडा आहे. अक्काला तुझं कार्ड आलं. तिनं ते तीनदा वाचलं, मग मांजराला वाचून दाखवलं. त्यावरून कळलं की तुम्हा दोघांना खोली मिळाली, पाणी खारट आहे, आणि तिथल्या गिरणीतही तू रजिस्टरच लिहितोस. माझ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. कार्ड लहान असतं, हे मला मान्य आहे.

छत्री कोपऱ्यात आहे.

श्रीपाद


उज्जैन
ता. २४ सप्टेंबर १९५७

विष्णू,

काल सर्वपित्री झाली. अण्णांना पान वाढलं. अक्कानं सवयीनं चार पाट मांडले; नंतर दोन उचलून भिंतीला टेकवले, तो आवाज मला माजघरात ऐकू आला. जेवताना आम्ही दोघं आणि मांजर. खीर उरली.

गेले पंधरा दिवस मी मुलांना अनुमान शिकवतो आहे. पर्वतावर अग्नी आहे, कारण धूर दिसतो. दरसाल हेच शिकवतो, याच वर्गात, याच खिडकीजवळ उभा राहून. परवा एका मुलीनं हात वर केला, "सर, इथं पर्वत कुठंय? मिलची चिमणी चालेल?" मी खिडकीतून पाहिलं. चंद्रमुकुटची चिमणी धूर सोडत होती. मे महिन्यातही सोडत होती. ज्या सकाळी मी ओटल्यावर मिल गेली म्हणालो, त्या सकाळी सातचा भोंगा झाला होता, आणि त्या भोंग्यावरच मी घड्याळाला चावी दिली होती. तीस वर्षं धूर दाखवून अग्नी शिकवणारा माणूस धुराखाली बसून वर्तमानपत्र वाचत होता. वर्गाला मी सांगितलं, "चालेल."

आणखीही एक मला सुचायला हवं होतं. गेल्या वर्षी मध्यभारत राज्य यादीतून निघालं. मी खुर्चीवरून न उठता तीन राज्यांत राहिलो: शिंद्यांचं ग्वाल्हेर, मग मध्यभारत, आता मध्यप्रदेश. त्या दिवशी मी उज्जैन दीड रुपयाला विकून टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो आणि हजेरी घेतली. मग मिलच्या बाबतीत मला एवढी घाई कसली होती?

तू त्या संध्याकाळी समजावलं होतंस. माझा आवाज मोठा होता म्हणून ऐकू आलं नाही, आता येतंय. "दादा, यादीत नाव असलं की रोज भाव निघतो, अनोळखी माणूस अनोळखी माणसाला विकतो. यादीतून गेलं की ती सोय गेली. आता घेणारा स्वतः शोधायचा, त्याच्या दारात जायचं. पण कंपनी आहे, रजिस्टर आहे, रजिस्टरात तुमचं नाव आहे. दिवाळं ही वेगळी गोष्ट. ते कोर्टात निघतं." एवढं सरळ अण्णांनीही समजावलं नसतं.

आता आंघोळीचं. ते अर्धंच सांगितलं होतं.

त्या दिवशी मी घाटावर गोवर्धन पंड्याकडे गेलो. आपल्या कुळाची वही त्याच्याकडे असते, तुला ठाऊक आहे. आजोबा ग्वाल्हेरहून यात्रेला आले तेव्हा त्यांनी तिच्यात पहिली सही केली; पुढे बदली होऊन इथंच राहिले तरी पान चालू राहिलं. घरातल्या प्रत्येक मुलानं मुंज झाली की स्वतःच्या हातानं नाव लिहायचं. तू आठ वर्षांचा होतास. बोरूला शाई जास्त घेतलीस आणि 'विष्णू'च्या पोटात डाग पाडलास. गोवर्धनचा बाप म्हणाला होता, "लड़का पेटवाला निकलेगा." तू काटकुळा निघालास, ही गोष्ट वेगळी.

मी गोवर्धनला म्हणालो, यावर रेघ ओढ.

तो म्हणाला, "गुजर गए क्या, मास्टरसाब?"

"नाही. आहे."

"तो फिर काहे को काटूं? इस बही में तो मरे हुए का नाम भी कोई नहीं काटता."

मी म्हणालो, "दक्षिणा घे आणि ओढ."

त्यानं ओढली. दक्षिणा घेतली नाही.

मला वाटलं होतं, घरी येऊन बरं वाटेल. वाटलं. सुमारे वाटेतल्या पुलापर्यंत.

काल तर्पणाला गेलो तर त्यानं आपलं पान उघडलं आणि त्या ओळीवर स्वतःचा तळहात ठेवून वाडवडिलांची नावं मला वाचून दाखवली. अण्णांचं, काकांचं, आजोबांचं. सगळे मेलेले, सगळे जागच्या जागी. त्या पानावर एकच रेघ आहे आणि ती जिवंत माणसावर आहे.

अक्काला यातलं काही माहीत नाही. तिला कळलं तर मांजरही माझ्याशी बोलायचं थांबेल.

श्रीपाद


उज्जैन
ता. २१ डिसेंबर १९५७

विष्णू,

भोंगा बंद झाला.

गेल्या आठवड्यात मंगळवारी सात वाजले तरी झाला नाही. मी घड्याळाची चावी हातात धरून उभा. अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलली, "श्रीपाद, मिल?" मी म्हणालो, "हो." तेवढंच.

कापूसवाल्यांची देणी थकली होती. बँकेनं उधारीचा हात आखडला आणि प्रकरण कोर्टात गेलं. आता लिक्विडेटर बसलाय. तो मिल विकून पैसे वाटणार, आणि त्याची पंगतीची रीत मी परवा एका वकिलाकडून समजून घेतली. आधी मजूर आणि सरकार, मग बँक आणि कापूसवाले. शेअरवाले शेवटच्या पंगतीला. त्यांच्यापर्यंत पातेलं पोचतं तेव्हा ते घासलेलं असतं. म्हणजे शेअर घेऊन बसलेल्यांना काही मिळणार नाही.

आता गंमत ऐक. ज्यांनी मे महिन्यात माझं ऐकून दीड रुपयाला विकले, त्यांना निदान दीड रुपया मिळाला! या मंगळवारी सगळा ओटला माझ्यावर खूष. बापू दिघे पोहे-जिलबी घेऊन आले. "शास्त्रीबुवा, मानलं तुम्हाला. सात महिने आधी ओळखलंत!" दुसरे म्हणाले, "आणि तो तुमचा भाऊ म्हणत होता, चालू आहे, चालू आहे." सगळे हसले. मी जिलबी तोंडात धरून बसलो. ती गिळता येईना आणि थुंकता येईना.

मी म्हणालो, "बापू, तो बरोबर होता. त्या दिवशी मिल चालू होती."

"पण शेवटी बुडालीच ना?"

"शेवटी तुम्हीही जाणार आहात. म्हणून आज तेरावं घालू का?"

बापूंनी जिलबीचा पुडा उचलला आणि गेले. चार दिवस झाले, ओटल्यावर कुणी आलेलं नाही. वर्तमानपत्र मी मनात वाचतो.

एक गोष्ट मात्र रोज डोक्यात फिरते. त्या वकिलानं सहज सांगितलं, की बाजाराच्या यादीतून नाव गेलं म्हणून दिवाळं निघत नाही, पण लोक ओरडतात, गावात बभ्रा होतो, कापूसवाला रोख मागायला लागतो, बँक दचकते, आणि मग चालती मिलही अडखळते. मी विचारलं, "ओरडतात म्हणजे कोण?" तो म्हणाला, "कोई भी. मोहल्ले के लोग." मी फी दिली आणि उठलो. एका ओटल्याच्या आवाजानं मिल बंद पडत नाही, हे मला कळतं. पण अशा किती ओटल्यांवर किती शास्त्रीबुवा होते, ते मोजायचं कुणी?

अक्का तुझ्याकडे यायचं म्हणते. "थंडीत मला तिकडं बरं पडेल," असं तिनं मांजराला सांगितलं. सोलापुरात थंडी नसते हे मलाही ठाऊक आहे. पाच जानेवारीच्या गाडीत बसवून देतो. दिघ्यांचा पुतण्या मनमाडपर्यंत सोबत आहे. छत्री तिच्याबरोबर पाठवणार होतो. ती म्हणाली, सामान फार होतंय. बिछान्याच्या वळकटीत एक छत्री मावत नाही असं नाही. पण मी आग्रह केला नाही.

श्रीपाद


उज्जैन
ता. ९ मार्च १९५८

चिरंजीव विष्णूस —

हो, लिहिला. आता वाच.

तुझ्या नावाचं पाकीट मी फोडलं. गुन्हा आहे, कबूल. लिक्विडेटरच्या ऑफिसचा शिक्का होता आणि पत्ता होता या घराचा. मला वाटलं चुकून आलं. तू तर जूनमध्येच मिल सोडलीस, घर सोडलंस. आत एक छापील नोटीस. मिलच्या सभासदांच्या यादीत आपलं नाव पुढीलप्रमाणे आहे, चूक असल्यास कळवावी.

विष्णू गोविंद दफ्तरदार. शेअर नव्वद. क्रमांक ४१२१ ते ४२१०.

मी ते आकडे उभ्यानं वाचले आणि मग बसलो. नव्वद हे अण्णांचे. मिल निघाली तेव्हा एकगठ्ठा घेतलेले. जाताना तिघांना तीस-तीस वाटले, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत, क्रमानं. पहिले तीस अक्काचे, मधले माझे, शेवटचे तुझे. पहिले साठ मी स्वतः केसरीमलच्या गादीवर नेऊन ठेवले होते.

तसाच केसरीमलकडे गेलो. तो हिशेब लिहीत होता, मान वर न करता म्हणाला, "अरे मास्टरसाब, आपको नहीं मालूम? आपके भाईसाब ही तो ले गए थे. दूसरे ही हफ्ते. साइकल बेचकर आए थे."

"तू त्याला सांगितलं नाहीस, नाव यादीतून गेलंय म्हणून?"

"मैं उनको बताऊं? रजिस्टर तो वो खुद लिखते थे! मैंने कहा, अब इसका खरीदार नहीं मिलेगा, क्यों फंसते हो. बोले, बेचने के लिए थोड़े ही ले रहा हूं, घर के हैं. फिर बोले, दादा से मत कहना, वो घर में जोर से पढ़ देंगे."

केसरीमल हसला. मीही हसलो, म्हणजे दात दाखवले.

त्या जूनमध्ये तू पायी ऑफिसला जायचास. मी मनात म्हणायचो, बघा, रागानं सायकलवरसुद्धा बसत नाही. अक्काला तसं बोलूनही दाखवलं होतं. ती तेव्हा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. तिला माहीत होतं का रे? विचारून कळव. नको, विचारू नकोस. माहीतच असणार.

म्हणजे ज्या दिवसांत मी तुला चारचौघांत मिलचा मिंधा म्हणत होतो, घाटावर तुझ्या नावावर रेघ ओढून घेत होतो, त्याच दिवसांत तू आमचे साठ शेअर परत घरात आणत होतास. आणि ते बुडाले. माझं चुकलं आणि मला दीड रुपया मिळाला. तू बरोबर होतास आणि तुझी सायकल गेली. तीस वर्षं न्यायशास्त्र शिकवून या प्रकाराला काय म्हणतात ते मला सांगता येत नाही.

काल संध्याकाळी रामघाटावर गेलो. या खेपेला आंघोळीचं निमित्त केलं नाही. गोवर्धनला म्हणालो, ते नाव परत लिही. त्यानं वही उघडली, रेघ पाहिली, मला पाहिलं.

"मैं नहीं लिख सकता, मास्टरसाब."

"दक्षिणा —"

"दक्षिणा की बात नहीं. जिसका नाम, उसका हाथ. आपके दादा के टेम से यही चल रहा है. काटना मेरे हाथ से हो गया, वो भी गलत हुआ. लिखना तो उन्हीं को पड़ेगा." मग त्यानं पानावर बोट ठेवलं. रेघेच्या खाली एक ओळ मोकळी होती. "उसी दिन छोड़ दी थी," म्हणाला. "मुझे लगा, आप आओगे. थोड़ी देर लगा दी आपने."

दहा महिने. त्याच्या धंद्यात थोडी देरच म्हणायची ती.

घर कसं आहे विचारशील तर नीटनेटकं आहे. एका माणसाला घर अस्ताव्यस्त करता येत नाही. मांजर दिघ्यांकडेच गेलं. घड्याळाला चावी देताना अजून सातला कान टवकारतात. पाट चारही भिंतीला आहेत; मी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभ्यानं जेवतो. अक्का असती तर ओरडली असती. मांजराच्या मार्फत का होईना.

तुझ्या बाजारातली रीत मला आता नीट समजली आहे. नाव यादीतून गेलं म्हणजे माणूस गेला असं नाही. फक्त सोय जाते. वर्तमानपत्रात भाव निघत नाही, मधला दलाल नसतो. ज्याला हवं त्यानं स्वतः दारात जायचं. मी येऊ शकतो. शाळेला सुट्टी १ मेपासून आहे. पण त्या वहीला तुझा हात लागतो, माझा चालत नाही, आणि घाट सोलापूरला नेता येत नाही. म्हणून तुला ये म्हणतो आहे. हुकूम नाही. मोठ्या भावाचे हुकूम काय भावानं जातात ते मी पाहिलं आहे.

नोटीस सोबत जोडली आहे. सही करून लिक्विडेटरकडे पाठवायची. मिळणार काहीच नाही, पण तुझं काम तू नियमानंच करणार, हे मला ठाऊक आहे. अगदी खाली एक रकाना आहे: 'पत्त्यात बदल असल्यास येथे लिहावा.' रजिस्टर तुझ्या हाताचं होतं. सोलापूरला जाण्याआधी शेवटची ओळ लिहिताना तू तिथं या घराचा पत्ता घातलास. मी तुला काय म्हणालो होतो ते तेव्हा तुझ्या कानात ताजं असणार.

वर जिथं सही करायची तिथं मी पेन्सिलीनं फुली केली आहे. खालच्या रकान्याला मी हात लावलेला नाही. जमलं तर तूही लावू नकोस.

तुझा
दादा